दुर्बिणीची बैठक
(कावसजी दादाभाई नायगामवाला यांचे जीवनकार्य)

नारायणगाव सोडून खोडदच्या वाटेला लागले, की शेतांपलीकडे तारेच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आपणा सर्वांना त्यांचे दर्शन इतके सवयीचे झाले आहे, की शिवनेरीच्या कड्याइतकेच आपण त्यांनाही गृहीत धरतो. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे प्रदर्शन भरते आणि गावोगावचे विद्यार्थी ते पाहावयास जातात. त्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. तबकडी केवढी? तिच्यातून किती दूरचे कळते? पण ४५ मीटर व्यासाची ही तबकडी कशावर उभी आहे, कोणत्या आसाभोवती फिरते आणि वाऱ्यात स्थिर कशी राहते, हे विचारणारा विद्यार्थी विरळाच.

आकाशाची छायाचित्रे घेण्याची हौस अलीकडे विद्यार्थ्यांत वाढली आहे. ती हौसही नेमकी याच ठिकाणी अडते. काटकसरीने जमवलेले सर्व पैसे मोठ्या भिंगावर किंवा मोठ्या आरशावर खर्च होतात आणि मग ते भिंग एखाद्या डुगडुगत्या तिपाईवर चढवले जाते. पहिल्याच रात्री ताऱ्यांच्या जागी वेड्यावाकड्या रेघा उमटतात आणि दोष भिंगाला दिला जातो. दुर्बीण ज्यावर बसते आणि ज्याच्या आधाराने फिरते, त्या भागाला दुकानदार माउंट म्हणतात. आपण त्याला बैठक म्हणू. गवयाची बैठक पक्की नसेल तर त्याचा सूर ठरत नाही. दुर्बिणीचेही तसेच आहे.

ही गोष्ट ज्यांच्या चरित्रातून आपल्याला स्पष्ट दिसते, असे एक शास्त्रज्ञ आपल्याच जिल्ह्यात, पुण्यास, सुमारे पाव शतक काम करून गेले. एके काळी देशातील सर्वांत मोठी दुर्बीण पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या आवारात उभी होती आणि ती एका अध्यापकाने आणली होती, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या अध्यापकाचे नाव कावसजी दादाभाई नायगामवाला.

कावसजींचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. ज्या वर्षी उत्तरेत उठावाचा वणवा पेटला, त्याच वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे आधुनिक विद्यापीठे स्थापन झाली. कावसजी हे त्या नव्या विद्यापीठीय शिक्षणाचेच अपत्य म्हणावे लागेल. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञान आणि रसायन यांचा अभ्यास केला आणि १८७८ साली ते एम. ए. झाले. पुढे त्याच कॉलेजात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. शास्त्र विषय घेऊन एम. ए. होणे हे आज आपल्याला चमत्कारिक वाटेल; पण त्या काळी कला आणि शास्त्र यांच्यामध्ये आजच्यासारखी भिंत उभी राहिलेली नव्हती. आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तो काळ वर्णपटाच्या अभ्यासाच्या भरभराटीचा होता. प्रकाश लोलकातून नेऊन त्याचे रंग अलग केले, की त्यात काही ठराविक जागी रेषा दिसतात आणि त्या रेषांवरून प्रकाश देणाऱ्या पदार्थाची ओळख पटते, हे १८६० च्या सुमारास जर्मनीत सिद्ध झाले होते. त्यामुळे सूर्य आणि तारे कशाचे बनले आहेत, या प्रश्नाला प्रयोगशाळेत उत्तर मिळू लागले. ही विद्या आपल्या विद्यार्थ्यांना हाताने करून पाहता यावी, अशी तरुण कावसजींची इच्छा होती. त्यासाठी पैसा हवा होता.

१८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी मुंबईत आले असता ही संधी चालून आली. कॉलेजात वर्णपटाची प्रयोगशाळा काढण्यासाठी महाराजांनी ५,००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच रक्कम तीत घातली. एकूण १०,००० रुपये झाले. त्या काळच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. परंतु युरोपातील वेधशाळांच्या तुलनेने ती फारच थोडी होती. थोड्या पैशांत काय घ्यावे आणि काय सोडावे, हा प्रश्न कावसजींपुढे उभा राहिला. आज ज्यापुढे आपला एखादा विद्यार्थी थबकतो, तोच हा प्रश्न.

१८८४ साली ते उपकरणे खरेदी करण्यासाठी इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी राजज्योतिषी क्रिस्टी आणि सूर्याचे प्रख्यात अभ्यासक नॉर्मन लॉकियर यांचा सल्ला घेतला. त्यातून मूळ बेत बदलला. नुसती प्रयोगशाळा न काढता, तारे आणि तेजोमेघ यांचे वर्णपट घेता येतील अशी वेधशाळाच उभारावी, असे ठरले. मोठी परावर्ती दुर्बीण बनवण्याचे काम डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याकडे गेले. पुढे या वेधशाळेचे मुख्य साधन ठरलेल्या दुर्बिणीचा आरसा २० इंच व्यासाचा होता.

ग्रब यांची निवड अर्थपूर्ण होती. हा कारखाना आरसे आणि भिंगे तर बनवीत असेच. पण दुर्बिणींच्या भक्कम बैठका आणि त्यांना फिरवणारी घड्याळयंत्रे यांसाठीही त्याचे नाव होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतात. ही गती तासाला सुमारे १५ अंश आहे. म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढे अंतर तारा अवघ्या दोन मिनिटांत ओलांडतो. नुसत्या डोळ्यांना हे जाणवत नाही. पण दुर्बीण प्रतिमेबरोबर तिची हालचालही मोठी करून दाखवते. तेव्हा दुर्बिणीनेही ताऱ्याच्याच वेगाने, पण पृथ्वीच्या उलट दिशेने फिरले पाहिजे.

यावरील तोड अशी. दुर्बीण ज्या दोन आसांभोवती फिरते, त्यांपैकी एक आस पृथ्वीच्या आसाशी समांतर, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला ठेवायचा. मग त्या एकाच आसाभोवती एकसारख्या गतीने दुर्बीण फिरवली, की तारा जागचा हलत नाही. अशा बैठकीला विषुववृत्तीय बैठक म्हणतात. त्या काळी वीज नव्हती. एक जड वजन दोरीला टांगलेले असे. ते हळूहळू खाली उतरताना चक्रांची मालिका फिरवी आणि एक नियामक त्या गतीला लगाम घाली. वजन तळाला पोचले, की पुन्हा हाताने वर चढवावे लागे.

येथे अक्षांशाचा प्रश्न येतो. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या गावाच्या अक्षांशाएवढी असते. डब्लिनला ती ५३ अंशांहून अधिक आहे, तर पुण्याला साडेअठरा अंश. डब्लिनमध्ये जो आस उभट असतो, तो पुण्यात जवळजवळ आडवा पडतो आणि साऱ्या यंत्राचा तोल बदलतो. म्हणून दुर्बीण कोठे उभी राहणार, हे ठरल्याखेरीज तिची बैठक बनवता येत नाही. ही गोष्ट आजच्या खरेदीदारालाही लागू आहे. परदेशी बनावटीच्या काही स्वस्त बैठका पन्नास अंशांच्या आसपासच्या अक्षांशांसाठी सोयीच्या असतात. १९ अंशांपर्यंत खाली झुकवल्या, की त्यांचा स्क्रू अपुरा पडतो किंवा वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो.

१८८५ साली कावसजींची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. हेच पुढे पुण्याचे सुप्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. वेधशाळेचा बेतही त्यांच्याबरोबर पुण्यास आला. मुंबईच्या दमट हवेपेक्षा पुण्याची कोरडी हवा वेधांना अधिक अनुकूल होती. १८८८ साली वेधशाळा पूर्ण झाली आणि देणगीदाराच्या नावावरून ती महाराज तख्तसिंहजी वेधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली.

येथे कावसजींच्या हातून झालेले एक काम विशेष उल्लेखनीय आहे. मृग नक्षत्रात व्याधाच्या बाणाखाली एक धूसर तेजोमेघ दिसतो. थंडीत आहुप्याच्या किंवा नाणेघाटाच्या अंगाने रात्री उघड्यावर उभे राहिले, तर तो नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो. या तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा ठळकपणे दिसते. ती कोणत्या पदार्थाची, यावर त्या काळी मोठा वाद चालू होता. लॉकियर यांचे मत होते, की ती रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. सारे ज्योतिगोल उल्कांच्या थव्यांतून निर्माण झाले, या त्यांच्या उपपत्तीला त्या मताची गरज होती. मॅग्नेशियमचा पट्टा असेल तर रेषेची एक बाजू पुसट असायला हवी.

कावसजींनी पुण्याच्या दुर्बिणीतून ती रेषा तपासली. वेगवेगळ्या प्रकारे पाहूनही ती दोन्ही बाजूंनी रेखीवच दिसली. १८९१ साली त्यांनी हे निरीक्षण लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ज्या लॉकियर यांच्या सल्ल्याने ही वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच उपपत्तीच्या विरुद्ध हा पुरावा होता. युरोप-अमेरिकेतील इतर निरीक्षकांचे वेधही त्याच दिशेने गेले. पुढे १९२७ साली बोवेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. मॅग्नेशियमशी तिचा संबंध नव्हता. पारतंत्र्याच्या काळात, अध्यापनाचे काम सांभाळून, एका हिंदी अध्यापकाने साहेबांच्या देशातील सर्वांत वजनदार मताविरुद्ध आपले निरीक्षण निःसंकोचपणे मांडले, याचे महत्त्व कमी नाही.

या कामात बैठकीचा वाटा केवढा होता, हे सहसा कोणी सांगत नाही. वर्णपट घेताना तेजोमेघाचा अंधुक प्रकाश केसासारख्या अरुंद फटीतून आत सोडावा लागतो. दुर्बीण जराशी ढळली, की प्रकाश फटीबाहेर पडतो आणि हाती काही उरत नाही. रेषेची कड रेखीव आहे की पुसट, असा सूक्ष्म प्रश्न विचारायचा तर प्रतिमा बराच वेळ एका जागी स्थिर राहिलीच पाहिजे. त्या हिरव्या रेषेचा निर्णय आरशाने जेवढा दिला, तेवढाच आरशाखालच्या लोखंडाने आणि घड्याळयंत्राने दिला.

यानंतर सात वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ रोजी, महाराष्ट्रावरून खग्रास सूर्यग्रहणाची छाया गेली. पुण्यात आणि मुंबईत तेव्हा प्लेगचे दिवस होते. तरीही देशोदेशीची पथके महाराष्ट्रात उतरली. लॉकियर कोकणात विजयदुर्गला आले. तेथील किल्ल्यावरचा साहेबाचा कट्टा याच ग्रहणाची आठवण आहे. हेलियमचा शोध १८६८ साली तेथेच लागला, असे आपल्याकडे सांगितले जाते. पण त्या वर्षीच्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर विजयदुर्गला आलेले नव्हते. जान्सेन यांनी ते ग्रहण आंध्रात गुंटूरला पाहिले आणि लॉकियर यांनी आपले त्या वर्षीचे निरीक्षण इंग्लंडमधून केले. कट्ट्याचे खरे महत्त्व वेगळेच आहे. उपकरणे हलू नयेत म्हणून बांधलेली ती एक बैठक आहे आणि उपकरणे गेल्यावरही ती टिकून राहिली.

कावसजींनी आपला तळ सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे टाकला. जेऊर हे करमाळा तालुक्यातील रेल्वेचे स्थानक. त्यामुळे जड पेट्या नेणे सोयीचे होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेलही जेऊरलाच उतरले होते. खग्रास स्थिती तेथे सुमारे दोन मिनिटे टिकणार होती. एवढ्या दोन मिनिटांसाठी महिनोन्महिने तयारी करायची, आणि त्या दोन मिनिटांत घड्याळयंत्र अडले किंवा पेटी हलली तर सर्व व्यर्थ. ज्यांनी परीक्षेच्या तीन तासांसाठी वर्षभर अभ्यास केला आहे, त्यांना या ताणाची थोडीशी कल्पना येईल.

कॅम्बेल यांच्याजवळ ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. एवढी लांब नळी सूर्यामागे फिरवायची म्हणजे अवाढव्य आणि महागडी बैठक आली. त्यांनी ती टाळली. भिंग उंचावर पक्के बसवले, कॅमेरा सूर्य ज्या जागी येणार त्या जागेकडे रोखून ठेवला आणि खाली खड्ड्यात ठेवलेली छायाचित्राची काच तेवढी घड्याळयंत्राने सरकवली. सबंध दुर्बीण फिरवण्याऐवजी तळहाताएवढ्या प्रतिमेमागे काच फिरवली, तर काम तेच होते आणि खर्च मात्र वाचतो.

वऱ्हाडातील तळणी येथे आलेल्या ॲनी माँडर यांनी तर याहून लहान साधन वापरले. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या शिकल्या. पण स्त्री म्हणून विद्यापीठाने त्यांना पदवी दिली नव्हती. कॉलेजकडून मिळालेल्या मदतीतून त्यांनी दीड इंच व्यासाचे भिंग घेतले होते. त्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा एक किरण इतक्या दूरवर टिपला, की तोपर्यंतच्या कोणत्याही छायाचित्रात एवढा लांब किरण आलेला नव्हता. मोठमोठ्या नळ्यांच्या गर्दीत दीड इंचाचे भिंग पुढे गेले, कारण ते ज्या कामासाठी निवडले होते त्या कामाला योग्य होते.

त्या दिवशी आकाश स्वच्छ होते. कावसजींना मुख्यतः हवा होता तो ग्रहणाच्या आरंभी आणि अखेरीस काही क्षणच दिसणारा वर्णपट. चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकताच सूर्याच्या वातावरणाचा पातळ थर क्षणभर एकटा चमकतो आणि नेहमीच्या काळ्या रेषांच्या जागी तेजस्वी रेषा झळकतात. या क्षणिक वर्णपटाची छायाचित्रे कावसजींनी यशस्वीपणे घेतली. त्यांचा सविस्तर अहवाल वेधशाळेचे पहिले प्रकाशन म्हणून १९०२ साली छापला गेला. दोन मिनिटांचे वेध आणि त्यांच्या मोजमापासाठी चार वर्षे, असा हा हिशेब आहे. छायाचित्र घेतल्यावर काम संपत नाही, तेथून सुरू होते, ही या अहवालाची शिकवण आहे.

यानंतरचा भाग मात्र खेदकारक आहे. वेधशाळा उत्तम साधनांची होती, परंतु ती एका माणसावर उभी होती. त्यांच्यामागे ती चालवील असा शिष्यवर्ग किंवा कायमचा निधी तिला लाभला नाही. १९१२ साली कावसजी निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करण्यात आली. साधने दक्षिणेत कोडाईकॅनॉलच्या सरकारी वेधशाळेकडे रवाना झाली. पुण्याची दुर्बीण तेथे भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाऊ लागली. पुण्याचे नाव तिच्यावरून पुसले गेले. कावसजी १९३८ पर्यंत जगले. जी दुर्बीण त्यांनी ऐन तारुण्यात देशाटन करून आणली, ती आपल्या गावात नाही, हे त्यांना निवृत्तीनंतरची सव्वीस वर्षे ठाऊक होते.

ग्रब यांच्या लोखंडी बैठकीने पाव शतक आपले काम चोख केले. वेधशाळेला मात्र माणसांची बैठक मिळाली नाही. याला कावसजींना दोष देणे अन्यायाचे होईल. नोकरीत असलेल्या एकट्या अध्यापकाने किती करावे? दोष असलाच तर तो आपल्या समाजाच्या सवयीचा आहे. आपण उद्घाटनाला जमतो. देखभालीला कोणी येत नाही. अनेक शाळांच्या कपाटात धूळ खात पडलेल्या दुर्बिणी याची साक्ष देतील.

त्यानंतर पुण्याने ही उणीव हळूहळू भरून काढली. १९४४ साली हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात निघाली आणि एका व्यक्तीऐवजी सभासदांच्या पिढ्यांवर ती टिकली. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७० साली उटीला रेडिओ दुर्बीण उभी केली. तेथील अक्षांश सुमारे ११ अंश. स्वरूप यांनी नेमका ११ अंशांचा उतार असलेली टेकडी शोधली आणि ५३० मीटर लांबीची दुर्बीण उत्तर-दक्षिण त्या उतारावर मांडली. तिचा लांब आस आपोआप पृथ्वीच्या आसाशी समांतर झाला. टेकडीलाच त्यांनी बैठक केले. गरीब देशाने लढवलेली ही अक्कल होती.

पुढे त्याच मंडळींनी आपल्या खोडदला ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण उभारली. यांपैकी १४ तबकड्या मध्यभागी जवळजवळ आहेत आणि बाकीच्या १६ तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. येथे विषुववृत्तीय बैठक नाही. तबकडी आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांना फिरते आणि दोन्ही गतींचा हिशेब संगणक क्षणोक्षणी करतो. पत्र्याऐवजी तारेची जाळी ताणून बसवल्यामुळे वारा आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला, बैठकीवरील भार कमी झाला आणि खर्चही आटोक्यात राहिला. येथेही आधी बैठकीचा विचार झाला आणि मग तबकडीचा.

आता आपल्या हौशी मित्रांसाठी या चरित्रातून काय घ्यायचे, ते थोडक्यात सांगतो.

पहिली पायरी म्हणजे साधी, पण जड तिपाई. मधला दांडा वर न काढता ती पसरून ठेवावी आणि तिच्या मध्यभागी दगड भरलेली पिशवी टांगावी. बटण हाताने न दाबता कॅमेऱ्यातील विलंबाची सोय वापरावी. ५०० या संख्येला भिंगाच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागले, की साधारणतः तेवढे सेकंद तारे ठिपक्यासारखे राहतात. ५० मिलिमीटरच्या भिंगाला १० सेकंद, २० च्या भिंगाला २५. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्याला याहूनही कमी. एवढ्यावर आकाशगंगा उत्तम येते.

दुसरी पायरी गावातल्या सुताराकडे मिळते. दोन फळ्या एका बिजागरीने जोडायच्या. बिजागरीपासून २२.८५ सेंटिमीटरवर सहा मिलिमीटर जाडीचा बोल्ट बसवायचा. त्याचे आटे साधारणतः एक मिलिमीटर अंतराने असतात. दर पंधरा सेकंदांनी त्याला पाव फेरा द्यायचा, म्हणजे मिनिटाला एक फेरा होतो आणि वरची फळी ताऱ्यांच्याच गतीने उघडत जाते. बिजागरीचा आस ध्रुवाकडे रोखला पाहिजे. आपल्याकडे त्याची उंची सुमारे १९ अंश, जुन्नरला किंचित अधिक. ३० सेंटिमीटर लांबीच्या पाचरीचे एक टोक १० सेंटिमीटरहून थोडे अधिक उंच केले, की हा कोन साधतो. एवढ्यावर ५० मिलिमीटरच्या भिंगाने काही मिनिटांचे चित्र घेता येते. ही ग्रब यांच्या घड्याळयंत्राची गरिबाघरची बहीण आहे.

याहून पुढे जायचे तर विजेवर चालणारी लहान विषुववृत्तीय बैठक घ्यावी. बनवणारा जेवढे वजन सांगेल, त्याच्या निम्मेच तिच्यावर चढवावे. नुसती दोन दिशांना फिरणारी बैठक डोळ्यांनी पाहायला चांगली. पण दीर्घ छायाचित्रात तिच्यावर चित्र कडेने गोल फिरते. पैसे थोडे असतील तर भिंग जुने चालेल, लहान चालेल. बैठकीत मात्र तडजोड करू नये. चारचौघांनी मिळून एक चांगली बैठक घ्यावी आणि भिंगे आपापली आणावीत, हे सर्वांत शहाणपणाचे.

जागा निवडताना उत्तर मोकळी पाहावी. लेण्याद्रीच्या अगदी पायथ्याशी उभे राहिलो तर उत्तरेकडचा डोंगर ध्रुवतारा झाकू शकतो. आणि रात्री उसाच्या कडेला एकट्याने बसू नये. आपल्या तालुक्यांतील बिबटे दुर्बिणीवाल्याला ओळखत नाहीत.

शेवटी पुन्हा कावसजींकडे वळतो. त्यांनी १०,००० रुपयांतून सुरुवात केली, देशातील सर्वांत मोठी दुर्बीण उभी केली, एका मोठ्या वादात खरी साक्ष दिली आणि दोन मिनिटांच्या ग्रहणाला चार वर्षांचे श्रम वाहिले. त्यांना एकच गोष्ट मिळाली नाही, ती म्हणजे पुढे चालवणारे हात. आपल्या महाविद्यालयात उद्या आकाशनिरीक्षणाचे मंडळ निघाले आणि एखादी दुर्बीण आली, तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती खोलायला, पुसायला आणि ध्रुवावर रोखायला शिकवल्याखेरीज तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालय सोडू नये. जी बैठक कावसजींच्या वेधशाळेला लाभली नाही, ती आपल्याकडून एवढ्यानेही घडू शकेल.